पागडीची खोली घेताय? आधी पावती वाचायला शिका

गिरगाव, दादर, लालबाग, माझगाव या भागांत जागा बघायला निघालात की दलाल पहिल्याच भेटीत विचारतो, "ओनरशिप बघताय की पागडी चालेल?" मुंबईत नव्याने आलेला माणूस इथेच गोंधळतो. त्याच गल्लीत, तेवढ्याच चटईक्षेत्राची पागडीची खोली ओनरशिपपेक्षा बऱ्याच कमी पैशांत मिळते, आणि भाडं म्हणाल तर महिन्याला दोन वडापाव-चहाइतकं. स्वस्त मिळतंय म्हणून लोक टोकन देऊन मोकळे होतात. कागद बघायचे राहून जातात.

मी ठाकूरद्वारच्या एका चाळीत वाढलो. आमच्या घरात भाडेकरूपण तीन पिढ्यांचं. त्यासाठी आम्ही कोर्टाच्या पायऱ्या चढलो आहोत, पावसाळ्यात टेकू लावलेल्या जिन्यावरून जा-ये केली आहे. आता ओळखीतलं कुणी पागडीची खोली घ्यायला निघालं की मला फोन येतो. त्या सगळ्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. पागडीत भिंती तुमच्या होत नाहीत. जमीन मालकाची, इमारत मालकाची. तुम्ही पैसे मोजता ते भाडेकरू म्हणून राहण्याच्या हक्कासाठी, आणि हा हक्क कायद्याने घडवलेला आहे. सरकारने मालकाच्या हक्कातून जेवढं काढून भाडेकरूच्या पदरात टाकलं, तेवढंच तुम्ही घेताय. कायदा काय देतो आणि आपल्या कुठल्या चुकीने ते परत जातं, एवढं कळलं की निम्मं काम झालं.

हे असं का झालं

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत माणसं वाढली, घरं त्या मानाने वाढली नाहीत. भाडी भडकू नयेत म्हणून नियंत्रण आलं. १९४७ च्या मुंबईच्या भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं ते आधाराला धरून ‘प्रमाणभाडं’ ठरवलं. अडचणीच्या काळापुरता म्हणून आणलेला हा कायदा पुन्हापुन्हा मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. सोनं, धान्य, सिमेंट, गवंड्याची मजुरी सगळं वाढलं, भाडं मात्र जागेवरच राहिलं. मग मालक खोली देतानाच एकरकमी पैसे घेऊ लागले. तीच पागडी. त्या कायद्याने हे पैसे घेणं गुन्हा होता, तरी निम्मी मुंबई त्याच रिवाजावर चालली. रोख रक्कम, तोंडी बोली, साक्षीला दलाल.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५६ ने पागडीचे पैसे देणं-घेणं कायदेशीर केलं. कलम ११ ने मालकाला दर वर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. आता हिशेब करा: भाडं ४० रुपये असेल तर पहिल्या वर्षीची वाढ १ रुपया ६० पैसे. एवढ्यात जिन्याची एक फळीसुद्धा बदलून होत नाही.

मी स्वतः भाडेकरू आहे, तरी सांगतो, मालकांवर अन्याय झाला. आणि तो अन्याय शेवटी आमच्याच डोक्यावर पडला, कारण ज्या मालकाला इमारतीतून काही सुटत नाही तो तिच्या गच्चीला डांबर लावत नाही. पागडीची खोली बघायला जाल तेव्हा खोली नंतर बघा. आधी जिन्याखालची तुळई बघा, सामायिक संडासाच्या मागची भिंत बघा, गच्चीवर जाऊन या. रंग खोलीला लावलेला असतो, ओल तिथे दिसते.

पायरी पहिली: पावती

भाडेपावती म्हणजे या व्यवहाराचा सातबारा. विकणाऱ्याकडून ताजी पावती मागाच, पण तेवढ्यावर थांबू नका, जुन्याही मागा. चांगला भाडेकरू पावत्या टाकत नाही. माझी आजी त्या तारेत ओवून खुंटीला अडकवायची. वरची पावती पांढरी, खालच्या पिवळ्या पडत गेलेल्या आणि सगळ्यांत मधोमध एक भोक. कोर्टात आमच्या कामाला आला तो हाच गठ्ठा.

पावतीवर काय वाचायचं? भाडेकरूचं नाव कोणाचं आहे. विकणारा स्वतः आहे, त्याचे दिवंगत वडील आहेत की भलतंच कोणी? वापर ‘निवासी’ लिहिलाय की ‘व्यापारी’? खोली क्रमांक आणि मजला दारावरच्या पाटीशी जुळतो का? भाडं वेगळं आणि दुरुस्ती उपकर, पाणीपट्टी असे आकार वेगळे दाखवलेत का? शेवटचं भाडं कुठल्या महिन्यापर्यंत भरलंय? "मेहताजी (मालकाचा भाडं गोळा करणारा माणूस) पावती द्यायलाच येत नाहीत हो" असं ऐकू आलं तर सावध व्हा. भाड्याची लेखी पावती देणं कायद्याने मालकावर बंधनकारक आहे. वर्षानुवर्षं पावतीच नसेल तर एक तर वाद चालू आहे किंवा विकणारा मुळात भाडेकरूच नाही, पोटभाडेकरू आहे. पोटभाडेकरूकडून घेतलेल्या जागेत तुम्ही मालकाच्या दृष्टीने आगंतुक ठरता, पैसे कितीही मोजलेले असोत.

पायरी दुसरी: मालक कोण

भाडे नियंत्रण कायदा सरकार किंवा महापालिकेच्या मालकीच्या जागांना लागू होत नाही. दिसायला सगळ्या चाळी सारख्याच. पण बीडीडी चाळी सरकारच्या, आणि बीआयटी चाळी १८९८ साली प्लेगनंतर स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या, ज्या पुढे पालिकेकडे आल्या. तिथल्या हस्तांतराचे नियम वेगळे. जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या भाडेपट्ट्यावर असेल किंवा बंदर प्राधिकरणाची असेल तरी गणित बदलतं. म्हणून सी.एस. क्रमांक, म्हणजे जमिनीचा भूमापन क्रमांक, मागून घ्या, त्यावरून मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा आणि पावतीवर सही करणाऱ्याचं नाव तिच्यावरच्या नावाशी ताडून बघा. मालक वारले असतील आणि चार भाऊ भांडत असतील, तर एकाची संमती घेऊन काम भागत नाही.

त्याच क्रमांकावर पालिकेकडून विकास आराखड्याचा अभिप्राय, म्हणजे ज्याला सगळे डीपी रिमार्क म्हणतात, तोही काढा. २०३४ च्या आराखड्यात त्या भूखंडावर रस्ता रुंदीकरण, शाळा, उद्यान असं आरक्षण आहे का, इमारत वारसा यादीत आहे का, हे त्यावरून कळतं. वारसा यादीतल्या इमारतीत खिडकीची चौकट बदलायलाही परवानगी लागू शकते. गिरगावातली खोताची वाडी बघायला देखणी आहे खरी, पण तिथल्या लोकांना विचारा घर सांभाळायला काय लागतं.

पायरी तिसरी: उपकराची इमारत आहे का

जुन्या इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९ मध्ये कायदा करून सरकारने शहर भागातल्या खासगी इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला आणि दुरुस्तीसाठी मंडळ नेमलं. ते मंडळ आज म्हाडात, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणात आहे. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती ‘अ’ वर्गात, तिथपासून १९५० अखेरपर्यंतच्या ‘ब’ वर्गात आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या ‘क’ वर्गात. हे सगळं कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच. पार्ल्यात किंवा अंधेरीत पागडीची खोली घेत असाल तर ती उपकरप्राप्त नाही. तिथे दुरुस्ती मंडळ येत नाही आणि पुनर्विकासाचा नियमही वेगळा. दलाल हा फरक आपणहून सांगत नाहीत, म्हणून विचारा.

पायरी चौथी: व्यवहार

कागद बरोबर निघाले तर मालकाला भेटा, आणि विकणाऱ्यासोबत भेटा. हस्तांतराला मालकाची संमती लागते आणि त्या संमतीचा मोबदला घेण्याची मुभा कलम ५६ मालकाला देतं. किती, ते कायद्यात लिहिलेलं नाही. रिवाजाने साधारण तिसरा हिस्सा मालकाचा आणि बाकीचा जाणाऱ्या भाडेकरूचा, पण दर मालकागणिक आकडा बदलतो. तेव्हा सौदा ठरवतानाच विचारा: हा भाव मालकाच्या हिश्श्यासकट आहे की वेगळा?

मग तीन गोष्टी एका बैठकीत झाल्या पाहिजेत. जुन्या भाडेकरूने हक्क सोडल्याचा लेख, मालकाने तुम्हाला भाडेकरू म्हणून स्वीकारल्याचा करार आणि तुमच्या नावाची पहिली पावती. कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तरी नोंदणी आणि मुद्रांक शुल्काचा पाठपुरावा तुम्हीच करा, कारण अडचण आली की झळ तुम्हालाच बसणार. पैसे बँकेतून द्या. "अर्धे वरचे, अर्धे खालचे" असं कोणी म्हणालं तर उठून या. जे पैसे कागदावर नाहीत त्यांचा दावा कुठेच करता येत नाही. पागडीला कायद्याची मान्यता मिळालेली असताना आता रोखीची गरजच काय?

करारात खोलीचं चटईक्षेत्र लिहून घ्या, नकाशा जोडा. पोटमाळा असेल तर तो कधीचा आणि मालकाच्या लेखी परवानगीने बांधलेला आहे का, तेही लिहा. हे आज बारीकसारीक वाटेल. पण पुनर्विकासाच्या वेळी वाद होतो तो याच कागदावरून.

आणखी एक सापळा सांगतो. एक मोठी खोली मध्ये भिंत घालून दोघांना विकलेली असते, पावत्याही दोन. उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेली नवी भाडेकरी धरत नाहीत. मूळची खोली एक असेल तर नवीन घरही एकच. दुसरी पावती हातात असलेला माणूस तेव्हा कुठे जाणार? म्हणून १९९६ पूर्वीपासूनची सलग पावती मागा.

पायरी पाचवी: राहायला लागल्यावर

प्रमाणभाडं आणि मान्य वाढ नियमित देणाऱ्या भाडेकरूला मालक काढू शकत नाही. हे संरक्षण भक्कम आहे, पण कलम १६ मध्ये ते तुटण्याची कारणंही दिली आहेत. नव्या माणसाच्या हातून बहुतेक चारच चुका होतात.

खोली पोटभाड्याने देणं. गावचा मित्र काही महिने राहिला तर तो पाहुणा असतो, पण त्याने पैसे दिल्याचा पुरावा सापडला की तो पोटभाडेकरू.

खोली बंद ठेवणं. योग्य कारणाशिवाय सलग सहा महिने वापर नसेल तर मालक दावा लावू शकतो. बदली झाली, आजारपण आलं, तर त्याचे कागद जपा. विजेची बिलं जपा, कारण कोर्टात युनिटचे आकडे बोलतात. बाराशे रुपयांवरून एकदम किमान आकारावर आलेलं बिल सगळं सांगून जातं.

परवानगीशिवाय पक्कं बांधकाम. मध्ये पार्टिशन घालणं, दार बसवणं, हवेसाठी खिडकी उघडणं, एसी लावणं अशा गोष्टींना कायद्यात सूट आहे. मोरी हलवणं, पोटमाळ्यासाठी भिंतीत लोखंड घालणं यांना नाही. लेखी परवानगी घ्या. तोंडी "करा हो" याला किंमत नाही.

भाडं थकणं. मालकाने पाठवलेल्या मागणीच्या नोटिशीला ९० दिवसांची मुदत असते, ती वाया घालवू नका. कधीकधी उलटंही होतं, मालक भाडं घेतच नाही, म्हणजे पुढे थकबाकी दाखवता येते. आमच्याकडे आजी गेल्यावर हेच झालं. पावतीवर आजोबांचंच नाव होतं, बदलून घेण्याचं कोणाच्या ध्यानात आलं नाही, आणि एका महिन्यापासून मेहताजी आमच्या दारावरून पुढे जाऊ लागले. वडील दर महिन्याला मनिऑर्डर करायचे. ती "घेण्यास नकार" असा शेरा होऊन परत यायची. वडिलांनी ती एकूण एक परत आलेली कुपनं जपली. लघुवाद न्यायालयात वकिलांनी ती टेबलावर मांडली तेव्हा थकबाकीचा मुद्दा तिथेच संपला. आज चेक पोस्टाने पाठवा किंवा खात्यात भरा, पण पुरावा ठेवा.

मालकाने पाणी तोडलं, जिन्यातला दिवा काढला, असं झालं तर तेही बेकायदा आहे. भांडण न करता त्याच न्यायालयात अर्ज करा. कोर्टाचं मुख्य ठिकाण धोबीतलावाजवळ आहे.

वारसा: इथे सगळे चुकतात

"ही खोली मी मृत्युपत्राने धाकट्याला देणार" हे वाक्य चाळीचाळींत ऐकू येतं. भाडेकरीचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये सांगितलं आहे. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारी कुटुंबातली व्यक्ती भाडेकरू होते. अशी कोणी नसेल तरच इतर वारस. आपसांत एकमत नसेल तर कोर्ट ठरवतं. म्हणून रेशनकार्ड, मतदारयादी, आधार यांवर इथलाच पत्ता ज्याचा, त्याचं पारडं जड. डोंबिवलीला फ्लॅट घेऊन गेलेल्या मोठ्या भावाने नुसता हक्क सांगून उपयोग नाही. घरात कोणी गेलं की दिवस झाल्यावर पहिल्या महिन्यातच पावती बदलण्याचा लेखी अर्ज मालकाला द्या आणि पोच घ्या. दुःखाच्या दिवसांत हे नकोसं वाटतं, आम्हालाही वाटलं होतं. त्याची किंमत आम्ही तारखांमध्ये मोजली.

इमारत पडायला आली तर

३१ ऑगस्ट २०१७ च्या सकाळी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक माणसं गेली. पावसाळा तोंडावर आला की दुरुस्ती मंडळ अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. आपल्या इमारतीचं नाव त्यात आहे का ते दर वर्षी बघा.

पालिकेने महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस लावून इमारत ‘सी-१’, म्हणजे रिकामी करून पाडण्याजोगी ठरवली, तर घाबरून हक्क सोडू नका आणि हट्टाने आतही बसू नका. मालकाने केलेल्या संरचनात्मक तपासणीवर विश्वास नसेल तर भाडेकरूंना आपली तपासणी करून घेता येते. दोन अहवाल वेगळे आले तर ते तांत्रिक सल्लागार समितीपुढे जातात. इमारत पडली की हक्क पडला, असं मालकाची माणसं सांगतात. ते खरं नाही. इमारत नष्ट झाली तरी भाडेकरी संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं. पण हक्क टिकला तरी किती चौरस फुटांचा, हे दाखवायला कागद लागतो. रिकामी करण्याआधी पालिकेने प्रत्येक खोलीचं मोजमाप घेऊन यादी करायची असते. त्या यादीची प्रत मिळवा.

उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली होतो. त्यासाठी ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते आणि प्रत्येक पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्राचं घर मालकी हक्काने, विनामूल्य मिळतं. पागडीची भाडेकरी संपते ती इथे, आणि १६० फुटांच्या खोलीत चौघांचा संसार केलेल्या माणसाला स्वतःची मोरी, स्वतःचा संडास मिळतो. मात्र कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदवल्याशिवाय आणि मधल्या काळातलं भाडं लेखी ठरल्याशिवाय किल्ली देऊ नका. बिल्डरने अर्ध्यावर काम सोडलं म्हणून भाड्याच्या घरातच म्हातारी झालेली जोडपी मी पाहिली आहेत.

मालक हलतच नसेल तर? २०२० च्या दुरुस्तीने म्हाडा कायद्यात ७९(अ) हे कलम आलं. धोकादायक ठरलेल्या इमारतीच्या मालकाला सहा महिन्यांत प्रस्ताव द्यावा लागतो, नाही दिला तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या संस्थेला संधी, आणि तेही झालं नाही तर म्हाडा जागा संपादित करू शकते. मालकाला मोबदला मिळतो, पण निर्णय त्याच्या हातून जातो. याआधीही १९८६ मध्ये अशीच तरतूद झाली होती: ७० टक्के रहिवासी एकत्र आले तर सरकार इमारत घेऊन त्यांच्या संस्थेला देणार आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट रक्कम. शंभर गुणिले ४० म्हणजे ४,००० रुपये, तेही गिरगावातल्या जागेचे! मालकांची संघटना त्याविरुद्ध १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. त्या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने सांगितलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला असला तरी अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही. तुमच्या मालकाशी पुनर्विकासाचं बोलणं करायला बसाल तेव्हा हा निकाल ध्यानात असू द्या. त्याच्याकडे मागायचं ते सन्मानाने मागा, त्याचाही वाटा ठेवा. ज्या चाळींत मालक आणि भाडेकरू एका टेबलावर बसले तिथले टॉवर उभे राहिलेले मी बघतो.

आणि मोजणीचा माणूस येईल त्या दिवशी सुट्टी घ्या, घरात थांबा. कपाट हलवून भिंतीला भिंत लागेपर्यंत फीत धरायला लावा, पोटमाळ्यावर त्याला चढवा, तो लिहील तो आकडा तिथल्या तिथे वाचा आणि सही करण्याआधी कागदाचा फोटो काढा. आमच्या मजल्यावर त्या दिवशी दोन घरांना कुलूप होतं. त्यांची मोजणी बाहेरून अंदाजाने झाली आणि नऊ फूट कमी लागले.